गुलाबच्या फॉर्मातला एक रकाना

गुलाब,

तुला एका इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगायचा राहिला आहे. तू म्हणशील, आता त्याचं लोणचं घालू का? खरं आहे. पण सहा महिने तू मला तोच एक शब्द विचारत होतास आणि दर वेळी मी काहीतरी अर्धवट सांगून तुला वाटेला लावलं. तेहतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं मी, आणि घराला घर लागून राहणाऱ्या माणसाला एक शब्द नीट सांगता आला नाही. तू गेलास त्याला आज बावीस दिवस झाले. अर्थ मला सापडलाय तो तू गेल्यावर.

शब्द तोच, स्किल.

माझ्या ओट्यावर पाय सोडून बसायचास, बशीत चहा ओतायचास आणि पहिला घोट घेतल्यावर विचारायचास, "मास्तर, स्किल म्हंजे काय रे?" जणू काल विचारलंच नव्हतं. मी कधी कौशल्य म्हणालो, कधी हाताची कला, कधी हुन्नर. एकदा तर वैतागून म्हणालो, "जे शिकून येते ते." तू मान हलवलीस आणि बशीतल्या चहावर फुंकर मारलीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

सहावीपर्यंत आपण एका बाकावर होतो. नंतर मी शाळेत राहिलो आणि तू संत्र्याच्या बगीच्यात गेलास. गरिबीमुळे शाळा सुटली असं लोक तुझ्याबद्दल हळहळून म्हणायचे, तेव्हा तुला राग यायचा. तू मला सांगितलं होतंस, की बाकावर बसलं की तुला झोप येते आणि संत्र्याच्या ढिगासमोर बसलं की झोप उडते, एवढीच गोष्ट आहे. तुझी आई तेव्हा छटाईला, म्हणजे तोडलेली संत्री निवडायला जायची. तिच्याशेजारी बसून तू ते काम शिकलास. ती तुला गोंडीत काहीतरी सांगायची आणि तू हातातलं संत्रं एका ढिगातून उचलून दुसऱ्या ढिगात टाकायचास. मी कुंपणाबाहेरून बघायचो आणि मला शब्दही कळत नसे, कामही कळत नसे.

ज्यांनी छटाई पाहिली नाही त्यांना ते काम अगदीच सोपं वाटतं. मलाही वाटायचं. व्यापारी बगीच्यातला माल घेतो, तोडणी झाली की ताडपत्रीवर ढीग पडतो, आणि गाडी भरण्याआधी मोठा माल एकीकडे, बारीक दुसरीकडे, खराब तिसरीकडे करायचा. डोळे असलेला कोणीही करेल. पण खराब झालेलं संत्रं वेगळं काढणं आणि खराब होणारं वेगळं काढणं यात जो फरक आहे, तो तुझ्या हातात होता. तू दोन्ही हातांत एकेक फळ घ्यायचास, अंगठा देठाभोवती एकदा फिरवायचास आणि तोवर तुझी नजर भलतीकडेच असायची. रस्त्यावरून कोण चाललंय ते तू बघत असायचास. हात आपलं काम करत राहायचे.

आणि मांडीशी एक टोपलं असायचं. ज्या फळाचं तुला ठरवता येत नसे ते त्यात जायचं. बाकीचे छटाईवाले असं फळ सरळ खराबात टाकायचे. कोण डोकं लावतो? तू मात्र ते टोपलं सावलीत झाकून ठेवायचास आणि दोन दिवसांनी पुन्हा बघायचास. व्यापारी कुरकुरायचा. तू त्याला म्हणायचास, "शेटजी, ज्याचं समजत नाई त्याले टाइम द्या लागते." निम्मी तरी फळं चांगल्या ढिगात परत जायची.

माझ्या पोरीच्या सासरी पुण्याला संत्र्यांचं एक कॅरेट पाठवायचं होतं, तेव्हाचा आपला झगडा आठवतो का? मी बगीच्यात जाऊन स्वतः निवडून कॅरेट भरून आणलं होतं, मोठ्या ऐटीत. तू आलास, वरून हात फिरवलास आणि सात संत्री काढून बाजूला ठेवलीस.

"हे नोको पाठवू."

"काऊन? चांगली तं हाय."

"आज हाय. पुन्याले पोचल्यावर नाई राह्यनार."

ती सात तर बाकीच्यांपेक्षा जास्त रसरशीत दिसत होती. मी ती परातीत घालून पलंगाखाली ठेवून दिली. मास्तरच ना मी, परीक्षा घेतल्याशिवाय राहवतं का? चौथ्या-पाचव्या दिवशी त्यातली पाच देठाशी मऊ पडली. दोन मात्र टणटणीत. ती दोन घेऊन मी तुझ्या अंगणात आलो, पोराची कॉपी पकडल्यासारखा. म्हटलं, गुलाब, दोन चुकले तुझे. तू दोन्ही सोलून माझ्या हातावर ठेवलीस. आतून कोरडी होती, चिपाड नुसतं.

"खराब नोयती," तू म्हणालास, "पन गोडबी नोयती. पोरीच्या सासरी अशी द्याची का?"

मी विचारलं, तुला कळतं कसं? तू खरंच विचार केलास. कपाळाला आठी घातलीस. मग म्हणालास, "मले नाई सांगता येत. हातात घेतलं का मालूम पडते." आणि मी, इतका वेळ हरलेला, तेवढ्यावर जिंकल्यासारखा घरी आलो. ज्याला सांगता येत नाही त्याला ते येतं असं कसं म्हणायचं, असा माझा वाद होता. वर्गातही मी पोरांना तेच म्हणायचो, उत्तर येतं तर लिहून दाखवा.

त्यावर तुझं उत्तर ठरलेलं होतं. परीक्षांच्या दिवसांत मी ओट्यावर पेपर तपासत बसायचो, तू शेजारी टेकून बसायचास आणि म्हणायचास, "तू बी छटाईच करून राह्यला, मास्तर. पास इकडं, नापास तिकडं. फरक एवढाच, का तुह्या हातात लाल पेन हाय." मला ते झोंबायचं. माझ्या पदव्या, माझी व्याकरणाची पुस्तकं, आणि हा म्हणतो छटाई! मी तुला पटवून द्यायला लागलो की तू उठून जायचास. वाद कधी पुरा झालाच नाही. आपले सगळेच वाद चहा संपला की संपायचे.

आता ते सांगतो, जे तुला सांगितलं नाही.

कारंजाच्या रस्त्यावर मशीनची शेड झाली आणि गावातली छटाई हळूहळू तिकडे गेली. मशीन पट्ट्यावरून फळं नेतं आणि मापाप्रमाणे वेगळी करतं. खराब माल मात्र माणसांनाच काढावा लागतो. त्या पट्ट्यावर बसणाऱ्यांवर देखरेख करायला त्यांना एक जाणता माणूस हवा होता. तुला तिथे जायचं होतं. एवढी इच्छा मी तुझ्या तोंडून दुसऱ्या कशाची ऐकली नव्हती. "मशीनले माप समजते, मास्तर. आतलं थोडी समजते! नवे पोरं सडका माल जाऊ देऊन राह्यले. पेटी खोलल्यावर लोक आपल्या गावाले शिव्या देतीन ना." दिवाळीच्या आधी त्यांचे फॉर्म आले, सगळे इंग्रजीत. गावातले अकरा फॉर्म माझ्याच ओट्यावर भरले गेले. तुझाही. एक रकाना मी रिकामा ठेवला. तू बोट ठेवून विचारलंस, "हे?" मी म्हणालो, "ते हापिसवाले भरतात."

तो रकाना स्किलचा होता. त्याच्यापुढेच प्रमाणपत्राचा क्रमांक मागितला होता, आणि तुझ्याकडे कुठलं आलंय प्रमाणपत्र?

दुसऱ्या दिवशी अकरा फॉर्मांचा गठ्ठा घेऊन मी शेडवर गेलो. खिडकीतला माणूस म्हणाला, "सर, रिकामं चालत नाही, कॉम्प्युटर घेत नाही. काही नसेल तर निल लिहा." मागे रांग होती. माझी एसटी निघायला दहा मिनिटं होती. मी पेन काढलं आणि खिडकीच्या फळीवर एकामागून एक अकरा फॉर्मांवर निल लिहून टाकलं. बाकीचे दहा जण ओझं उचलायच्याच कामाला जाणार होते, त्यांचं काही अडलं नाही. तुझ्या फॉर्मावर पेन थांबलं होतं, गुलाब. खोटं कशाला बोलू? क्षणभर थांबलं, आणि माझ्या मनात आलं की संत्री निवडणं याला इंग्रजीत काय लिहायचं, आणि लिहिलं तरी हसतील. मग मी तेही निल लिहिलं. एसटी मिळाली.

यादी लागली तेव्हा तुझं नाव कॅरेट उचलणाऱ्यांत होतं. फॉर्मची झेरॉक्स हातात घेऊन तू माझ्याकडे आलास. शेडवरच्यांनी तुला स्किलचा म्हणून दाखवलेल्या त्या रकान्यावर बोट ठेवलंस.

"इथी काय लिहिलं?"

"निल."

"म्हंजे?"

"काई नाई, असं."

तू कागदाकडे बघत राहिलास. मग विचारलंस, "कोनं लिहिलं?"

आणि मी म्हणालो, "हापिसवाल्याईनं."

इतकंच. एक शब्द. तुझ्याशी साठ वर्षांत मी फारसं खोटं बोललो नव्हतो, बोलायची वेळच आली नव्हती. हे मात्र किती सहज आलं. तू कागदाची घडी केलीस, खिशात ठेवलीस आणि पहिल्यांदा तो प्रश्न विचारलास, "अन् स्किल म्हंजे काय, मास्तर?"

तू चार दिवस शेडवर गेलास. एकसष्टाव्या वर्षी तू कॅरेट उचलत होतास आणि समोर पट्ट्यावरून खराब माल चांगल्या मालात जाताना बघत होतास. पाचव्या दिवशी गेला नाहीस. कंबर धरली म्हणालास. मी मलम आणून दिलं. मलम आणून देणं फार सोपं असतं, गुलाब.

त्यानंतर रोज तो प्रश्न. मला वाटायचं, तुझ्या मनाला ते लागलंय आणि तू माझ्याकडून दिलासा मागतोयस. कधी वाटायचं, माझी चेष्टा करतोयस. प्रत्येक वेळी मी दुसराच विषय काढायचो. पाण्याचा, पोराबाळांचा, शेजारच्या कुत्र्याचा. एकदा ठरवलं होतं की आज सांगायचंच. तेवढ्यात दूधवाला आला. तो गेल्यावर सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

उन्हाळा लागून संत्र्याच्या मृग बहाराची तोडणी संपत आली होती, तेव्हाची आपली शेवटची भेट. तू पुन्हा विचारलंस आणि मी चिडलो. "कितीदा इचारशील बे? एकदा सांगितलं ना कौशल्य म्हून!" तू बशी खाली ठेवलीस. "बरं," म्हणालास, "येतो." जाताना अंगणातली खुर्ची उन्हातून उचलून सावलीत ठेवलीस, माझ्यासाठी. दोन दिवसांनी दुपारी जेवण करून तू आडवा झालास, तो उठलाच नाहीस.

पवनारला धामच्या पाण्यात तुझ्या अस्थी सोडल्या तेव्हा मी काठावरच उभा होतो. तुझ्या पोरानं हात धरून खाली नेलं. तेरवीच्या आधी तोच घरी आला. फ्लेक्स करायचा होता. म्हणाला, "काका, बाबाच्या नावाखाली काय लिहू? बाबा काय होते म्हनून लिहू?" मी म्हणालो, उद्या सांगतो. मला कुशल असा काहीतरी शब्द हवा होता, आणि इतक्या दिवसांनी मनात आलं की आधी स्किल तरी बघू नीट. घरातला मोठा शब्दकोश काढला. त्यात तो शब्द मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. जो शब्द येतो असं वाटतं, तो कोण उघडून बघतो?

तर ऐक. हा शब्द मुळात इंग्रजांचा नाही. फार पूर्वी उत्तरेकडच्या थंड मुलखातून जहाजं घेऊन जे लोक इंग्लंडात उतरले, त्यांच्या भाषेतला आहे. त्यात हात नाही, कला नाही, शिक्षण तर नाहीच नाही. त्यांच्याकडे त्याचा अर्थ होता फरक. दोन गोष्टींमधला फरक ओळखणं. आणि ज्या क्रियापदाच्या घरातला तो आहे, त्याचा अर्थ आहे वेगळं करणं. हे यातलं आणि ते त्यातलं, असं समजून वेगळं करणं. इंग्रजीतही सुरुवातीला त्याचा अर्थ समज, पारख असाच होता. हाताच्या कारागिरीचा अर्थ त्याला पुढे चिकटला.

मी चष्मा काढून बसून राहिलो. जे काम सगळ्यात जास्त त्या शब्दाच्या मुळाशी होतं, त्याच्यापुढे मी निल लिहिलं होतं. ओट्यावर पाय सोडून बसणाऱ्या माणसात मला तो अर्थ दिसला नाही, तो पुस्तकात शोधावा लागला. आणि हसूही आलं, रे. तू असतास तर मांडीवर थाप मारून म्हणाला असतास, "पाह्य! मंग मी काय म्हनून राह्यलो होतो चाळीस वर्सापासून?" तुझी आई तुला ढिगासमोर जे सांगायची, त्याला तुमच्या भाषेत काय शब्द होता, हेही मी कधी विचारलं नाही. जहाजवाल्यांचा शब्द शोधला आणि कुंपणापलीकडचा राहिला. तुझ्या तोंडून ऐकायला हवा होता.

पोराला मी काही लिहून दिलं नाही. फ्लेक्सवर नुसतं नाव आलं आणि तुझा तो लग्नातला फोटो, ज्यात तू फोटोवाल्यावर रागावलेला दिसतोस. माझ्या चुकीवर एक चांगलासा शब्द चिकटवून मोकळं व्हायला मन घेईना. आधी कबुली द्यायची होती. तुला देता येत नाही, तर निदान यमुना वहिनीला.

काल सकाळी गेलो. वहिनी ओट्यावर बसली होती, तुझे धुतलेले सदरे मांडीवर घेऊन. कुणाला द्यायचे ते ठरवत होती. माझ्यासाठी तिनं बाज टाकली. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं सगळं. खिडकी, रांग, एसटी, अकरा फॉर्म. निल मी लिहिलं हे सांगितलं, आणि त्यांनी लिहिलं असं तुला खोटं सांगितलं तेही. शब्दाचा अर्थही सांगायला लागलो होतो.

वहिनीनं हातातला सदरा बाजूला ठेवला.

"त्याईले मालूम होतं, भाऊजी."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"कागद घेऊन आले त्याच दिवशी दाखवला मले. म्हने, हे वरचं अक्षर मास्तराचं, अन् हे निल लिहिलं थे बी मास्तराचंच. त्याईले इंग्रजी वाचता येत नाई म्हून काय झालं, तुमचं अक्षर वळखत नोयते का ते? मी म्हटलं, मंग इचारत काऊन नाई सरळ? तं म्हने, नोको. तो खोटं बोलला म्हंजे त्याले लाज वाटून राह्यली. मी तोंडावर फेकलं तं त्याची लाज त्याले माह्यापाशी बसू देनार नाई. मंग मी चहा प्याले कुठी जाऊ?"

ती हसली. मीही हसलो असेन, माहीत नाही. मग मी विचारलं, माहीत होतं तर रोज तो शब्द का विचारत होता?

वहिनीनं सदरा पुन्हा मांडीवर घेतला. पदरानं तोंड पुसलं.

"तुमाले सांगाले सोपं जावं म्हून, भाऊजी. थो शब्द काढला का तुमी आपोआप सांगान असं वाटे त्याईले. रोज घरातून निंघतानी म्हनत, आज सांगन मास्तर. अन् वापस आले का चप्पल काढता काढता म्हनत, उद्या सांगन."